निराधारचा अर्ज करताना पारावरचं ऐकू नका

नवरा गेल्यावर मी निराधारच्या महिन्याच्या पैशांसाठी अर्ज केला, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या यवतमाळकडच्या गावातल्या दहा-अकरा बायांचे कागद मी सोबत जाऊन केले. कागद दोन चकरांत जमतात. वेळ जातो तो लोकांच्या बोलण्यानं मागं सरलेल्या बाईला परत उभी करण्यात. म्हणून आधी तेच सांगते.

"तुह्या घरी टीव्ही हाय, तू कायची निराधार?" असं कोणीतरी म्हणतंच. अर्जात टीव्हीचा रकाना नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांपर्यंत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, हे पाहतात. २१ हजार म्हणजे महिन्याला १७५०. एवढ्यात घर कसं चालतं, ते हा आकडा ठरवणाऱ्यालाच विचारा. पासष्टीच्या वर असाल तर श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरा. मोबाईल हाय म्हणूनही टोमणे मारतात, पण ओटीपी मोबाईलवरच येतो. तो लपवू नका, नंबर आधारला जोडून घ्या.

सेतूत जाताना आधार, रेशनकार्ड, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याचा मृत्यू दाखला, पासबुक आणि फोटो न्या. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का, ते घरीच पाहा. एका बाईचं आधारवर 'शांताबाई' आणि पासबुकात 'शांता' होतं, तेवढ्यावर दोन महिने गेले.

मंजूर झालं की महिन्याला १५०० मिळतात. दिवसाचे ५०. "बसून खातात" म्हणणाऱ्यानं दिवाळीनंतर सकाळी वावरात यावं. कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, वाकलेल्या ह्याच बाया दिसतील. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघतात, मग पैसे काढायच्या मशीनवर थंब लागत नाही. जाण्याआधी कोमट पाण्यानं हात धुवा, खोबरेल चोळून कोरडं पुसा, तरी नाही लागला तर दुसरं बोट लावू द्या म्हणा. माझ्या उजव्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत, मी डाव्या हाताचं मधलं बोट लावते.

कधी तीन महिन्यांचे पैसे एकदम येतात. मी ४५०० काढताना शेजारणीनं पाहिले आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. त्यातले २२०० किराण्याच्या उधारीत गेले, ९०० सासूच्या गोळ्यांना, ते कोणी नाही पाहिलं. आणि "निराधारही घेते, लाडकी बहीणही घेते" म्हणतात ते खोटं. निराधारचे १५०० चालू असताना लाडकी बहीण मिळत नाही. लालचीनं दोन्हीकडे अर्ज टाकू नका, नाहीतर कटकट मागं लागते.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका साली सोंगणीच्या गडबडीत माझा राहिला, चार महिने पैसे बंद. जिवंत आहे म्हणून सांगायला मी स्वतः समोर उभी, तरी कागद पाहिजेच. दाखला दिला की पोच मागा, शिक्का आहे का पाहा आणि ती पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये ठेवा. माझी एक पोच फळीवरच्या डब्यात होती, उंदरानं कुरतडली.