पाडव्याआधी डोमेनचा सातबारा बघून घ्या

दिवाळीच्या पाडव्याला आपण नवी वही पूजतो. त्या आठवड्यात दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून डोमेन, म्हणजे आपल्या वेबसाइटचं नाव, कुणाच्या नावावर आहे हे बघायचं काम नवरात्रातच उरका.

आमची लातूरला डाळमिल आहे. वेबसाइट करून देणाऱ्या मुलानं डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला तसं सोपं पडलं एवढंच. पुढं तो पुण्याला गेला, फोन नंबर बदलला, आणि ऐन तुरीच्या हंगामात मुदत संपून साइट बंद पडली. साइटबरोबर आमचा मेलही गेला. हैदराबादच्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी परत जात होत्या आणि आम्हाला पत्ता नव्हता. पैसे दर वर्षी आम्हीच दिले होते, पण शेत बटईनं करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून लागावं तसं झालं होतं.

म्हणून पहिल्यांदा डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघा. इंटरनेटवर डोमेन शोधलं तर ते कोणत्या रजिस्ट्रारकडं, म्हणजे डोमेन विकून त्याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडं आहे आणि मुदत कधी संपते हे कळतं. मालकाचं नाव मात्र बहुतेक वेळा झाकलेलं असतं. ते रजिस्ट्रारच्या खात्यात शिरूनच बघावं लागतं. तिथं ‘रजिस्ट्रंट’ (डोमेनचा मालक) म्हणून जीएसटीच्या दाखल्यावर आहे तेच फर्मचं नाव हवं. खात्याचा पासवर्ड तुमच्याकडं नसेल, वेबसाइटवाला ‘मी बघतो ना’ म्हणत असेल, तर आजच त्याच्याकडून खातं मागून घ्या. संबंध गोड असतानाच मागायचं. तो सगळ्या गिऱ्हाइकांची डोमेनं एकाच खात्यात ठेवत असेल तर तुमचं डोमेन तुमच्या खात्यात हलवून घ्या. दुसऱ्या रजिस्ट्रारकडं न्यायचं असेल तर ट्रान्सफरचा कोड लागतो. डॉट कॉमसारख्या नावांसाठी मालकानं मागितल्यावर रजिस्ट्रारनं तो 5 दिवसांत द्यावा असा आयकॅनचा, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेचा नियम आहे. एरवी ट्रान्सफर लॉक, म्हणजे डोमेन परस्पर दुसरीकडं हलवता येऊ नये म्हणूनचं कुलूप, लावलेलंच ठेवा.

मग ई-मेल. इथं बहुतेक जण फसतात. खात्याला जोडलेला मेल त्याच डोमेनवरचा असेल, तर डोमेन बंद पडल्या दिवशी मेलही बंद, आणि पासवर्ड बदलायचा ओटीपी येणार कुठं? मेल वेगळा, जीमेलसारखा ठेवा, आणि तोही कामावरच्या पोराच्या नावाचा नको. मोबाईल नंबर मालकाचा टाका. मेल बदलला की पडताळणीची लिंक येते. डॉट कॉमच्या बाबतीत ती 15 दिवसांत दाबली नाही तर डोमेन बंद ठेवलं जाऊ शकतं.

मुदतीचं थोडक्यात. एका वेळी 10 वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात. आम्ही 5 वर्षांचे भरले. ऑटो-रिन्यू लावा, पण त्याला जोडलेल्या कार्डाची मुदत संपली की तेही थांबतं, म्हणून तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. डॉट कॉम नाव रद्द झालं तरी 30 दिवस सोडवून घेता येतं. तेव्हा दंडासकट नेहमीच्या कितीतरी पट पैसे लागतात. त्यानंतर 5 दिवसांनी ते कुणालाही घ्यायला मोकळं होतं. ‘लगेच भरा नाहीतर नाव जाईल’ असा मेल आला तर त्यातली लिंक दाबू नका, स्वतः खात्यात जाऊन तारीख बघा.

डॉट इन नावं निक्सी ही भारतातली संस्था सांभाळते. कुणी तुमच्या फर्मच्या नावाचं डॉट इन डोमेन वाईट हेतूनं अडवून बसलं असेल तर तिच्याकडं तक्रार करता येते, लवाद निकाल देतो. तिथं नोंदलेला ट्रेडमार्क फार उपयोगी पडतो. त्याची नोंद 10 वर्षं टिकते, पुढं वाढवता येते. जुन्या फर्मांनी हे टाळू नये.

भागीदारी असेल तर करारात एक ओळ घाला: डोमेन फर्मचं, कुणा एका भावाचं नाही. वाटणीच्या वेळी गाळा, मशिनरी, गाडी सगळं लिहितात, डोमेन राहून जातं, आणि मग गिऱ्हाईक एका भावाकडंच जातं.

शेवटी सगळं एका वहीत लिहा: रजिस्ट्रार, खात्याचा मेल, मुदतीची तारीख, पावत्या. पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात. आमची वही कपाटात जीएसटीच्या कागदांशेजारी असते. ती कुठं आहे हे माझ्या बायकोला आणि मुलीला ठाऊक आहे, आणि गेल्या वर्षी मुलीनं एकटीनं खातं उघडून दाखवलं.