डीएचसीपी सर्व्हर पत्ते देत नसेल तर
सांगलीत विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेचा लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. तोच तिथला डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक पीसीला आयपी पत्ता वाटून देणारा. एका सकाळी तिथल्या सगळ्या पीसींवर १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दिसले. असा पत्ता दिसला की समजायचं, सर्व्हरकडून उत्तरच आलेलं नाही, म्हणून मशीनने स्वतःच पत्ता घेतलाय.

अशा वेळी सर्व्हिस पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करत बसू नका. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन 'डीएचसीपीडी' (डीएचसीपी सर्व्हरचा प्रोग्रॅम) ही कमांड 'हायफन टी' लावून चालवा. सर्व्हर सुरू न करता ती नुसती कॉन्फिग फाइल, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंग्जची फाइल, तपासते. एक लक्षात ठेवा, अर्धविराम राहिला असेल तर चूक बहुधा पुढच्या ओळीवर दाखवली जाते. त्यामुळे वरची ओळही बघा.

आमची फाइल मात्र स्वच्छ निघाली. मग लॉग उघडला, तर त्यात 'नो सबनेट डिक्लेरेशन' अशी ओळ होती, म्हणजे त्या कार्डासाठी सबनेट (पत्त्यांचा गट) फाइलमध्ये सापडला नाही. नेटवर्क कार्ड बदललं होतं आणि नव्या कार्डाला स्थिर आयपीच दिलेला नव्हता. कार्डाचा स्वतःचा पत्ता फाइलमधल्या एखाद्या सबनेटमध्ये बसत नसेल, तर डीएचसीपीडी त्या कार्डावर ऐकतच नाही. डेबियनवर कार्डाचं नाव 'इंटरफेसेस-व्ही-४' या ओळीतही बदलावं लागतं. ते हमखास विसरतं.

एवढं करूनही अडलं तर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारी कमांड) लावून डीएचसीपीचे पोर्ट ६७ आणि ६८ बघा. 'डिस्कव्हर' (पीसीची पत्त्याची मागणी) येतंय पण 'ऑफर' (सर्व्हरचं उत्तर) जात नाही, म्हणजे दोष सर्व्हरकडे. आणि ऑफर भलत्याच आयपीवरून येत असेल, तर बहुधा कुणीतरी घरचा वायफाय राउटर स्विचला जोडलाय. तो आधी काढा.