सेफेर तोरा दुरुस्तीला काढताना

संग्रहालयातील तज्ज्ञ फिकट पडलेले अक्षर आहे तसे जपतो, पण सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनामंदिराच्या) विश्वस्तांना तेच अक्षर पुन्हा काळे करून घ्यावे लागते, कारण सेफेर तोरातील, म्हणजे तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या गुंडाळीतील, ३,०४,८०५ अक्षरांपैकी एक जरी गळाले, तडकले किंवा शेजारच्या अक्षराला चिकटले, तरी ती गुंडाळी शब्बाथच्या (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) वाचनाला चालत नाही. त्यामुळे जुन्या हस्तलिखितांच्या जाणकाराचा सल्ला साठवणुकीपुरता घ्यावा. लेखणी फक्त सोफरच्या, म्हणजे धर्मग्रंथ लिहिणाऱ्या लेखनिकाच्या हाती द्यावी.

पुण्यात तपासणी सिम्हाथ तोरा या शरद ऋतूतील ज्यू सणानंतरच्या कोरड्या दिवसांत करावी. चर्मपत्र पावसाळ्यात ओलावा शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मायफळ, डिंक आणि हिराकस यांची शाई त्याच्या पृष्ठभागावरच बसलेली असल्याने या ताणात तिचे पापुद्रे सुटतात. कॅम्पातील लाल देऊळ हे सिनेगॉग १८६७ मध्ये पूर्ण झाले, म्हणून अशा जुन्या वास्तूंत ओल कोठून शिरते हेही त्याच वेळी पाहावे. भिंत तशीच ठेवून गुंडाळी दुरुस्त करणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय.

स्वच्छ टेबलावर सुती कापड पसरून, दोन्ही दांड्यांपाशी एकेक जण उभे राहून गुंडाळी हळूहळू पुढे सरकवावी. चर्मपत्राला उघड्या हाताचा स्पर्श होऊ देऊ नये. दोष दिसेल तेथे पाराशा (आठवड्याच्या वाचनाचा भाग), स्तंभ आणि ओळ वहीत टिपून छायाचित्र घ्यावे. अर्थात हे काम शब्बाथला करायचे नाही. अक्षर ओळखू येते की नाही असा वाद झाल्यास, फार हुशारही नाही आणि अगदी मंदही नाही अशा, अक्षरओळख असलेल्या मुलाला ते वाचायला सांगण्याची जुनी रीत आहे. संगणकाची तपासणी गळालेले अक्षर दाखवते, निर्णय मात्र सोफरचा.

मेझुझा (दाराच्या चौकटीवर लावायचे चर्मपत्र) आणि तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हातावर व डोक्यावर बांधायच्या पेट्यांतील चर्मपत्रे) यांत अक्षरे क्रमानेच लिहावी लागतात; तोरात तशी अट नाही, म्हणून मधले अक्षर नंतरही दुरुस्त होते. भोवतीची शाई खरवडून अक्षराला आकार देणे मात्र मान्य नाही, ते लिहूनच घडवावे लागते. ईश्वराचे नाव खोडता येत नाही. त्यातच चूक निघाल्यास पूर्ण पान बदलावे लागते आणि जुने पान गेनिझात (निकामी पवित्र लिखाण ठेवण्याच्या जागेत) ठेवून पुढे दफन केले जाते. अशी पाने किती निघतील याचा अंदाज काम सोपवण्यापूर्वीच सोफरकडून लेखी घ्यावा, कारण खर्च तेथेच वाढतो. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नये, उसवलेली शिवण साध्या दोऱ्याने घालू नये. त्यासाठी प्राण्याच्या स्नायूंचाच दोरा लागतो.

सदोष गुंडाळीच्या पेटीवर बाहेरून पट्टा बांधून खूण करावी, म्हणजे हजान (प्रार्थना चालवणारा) चुकून तीच काढणार नाही. न तपासलेला ग्रंथ तीस दिवसांहून अधिक तसाच ठेवू नये, असे तालमुद हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ सांगतो, तेव्हा वर्गणी पूर्ण जमेपर्यंत थांबण्यापेक्षा निदान तपासणी तरी आधी उरकावी.