टेकऑफच्या धावेत नाक डावीकडे पळतं तेव्हा

कोल्हापूरला उजळाईवाडी विमानतळाची धावपट्टी ०७/२५ आहे, म्हणजे एका टोकाकडून निघालं की तोंड साधारण ७० अंशांना, दुसऱ्याकडून २५० अंशांना. पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिम-नैऋत्येचा, म्हणजे २५ वरून निघताना तो समोरून, पण बऱ्याचदा जरा डावीकडून येतो. २२० अंशांवरून १६ नॉट (ताशी सुमारे ३० किमी) असेल तर त्यातला निम्मा, ८ नॉट, आडवा लागतो. सेसना १७२ या लहान, एका इंजिनाच्या विमानाला एवढा झेपतो. घोळ होतो तो दुसऱ्याच कारणानं. पूर्ण पॉवर दिली की प्रोपेलरमुळे नाक आधीच डावीकडे ओढलं जातं, आणि डावा वारा शेपटीला ढकलून त्यात भर घालतो.

म्हणून थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमी-जास्त करणारा नॉब) एकदम ठोकू नका. तीन-चार सेकंदांत सावकाश पुढे न्या आणि त्याच ओघात उजवा रडर (पायानं चालवायचं शेपटीचं सुकाणू) देत चला. योक (पंख तोलणारं हातातलं चाक) सुरुवातीला पूर्ण डावीकडे, वाऱ्याच्या दिशेनं. वेग वाढेल तसा कमी करा. आणि टाचा खाली टेकलेल्याच हव्यात! पाय पेडलच्या वरच्या भागावर सरकला की रडरबरोबर ब्रेकही दाबला जातो, एका बाजूचं चाक अडतं. नवशिक्यांचं विमान नागमोडी पळतं ते बहुधा इथंच.

नजर पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, नाकापुढच्या डांबरावर नको. तरीही मध्यरेषा सुटून कडेचे दिवे जवळ येऊ लागले, तर वेग नसताना ओढून उचलायचा मोह नको: थ्रॉटल बंद, रडरनं सरळ, मग दोन्ही ब्रेक सारखे. इथली पट्टी लहान विमानाला भरपूर लांब आहे, थांबायला जागा मिळते.