बागेतलं नवं तळं: पाणी सोडण्याआधीची तयारी

नाशिकमध्ये नवं तळं भरायला दसऱ्याच्या आसपासचे दिवस उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, ऊन झेपण्याजोगं असतं आणि कडाक्याच्या थंडीआधी फिल्टरमधल्या, माशांची घाण पचवणाऱ्या जिवाणूंना जम बसवायला पुरेसे आठवडे मिळतात. एप्रिलमध्येच भरायचं असेल तर 50 टक्के सावलीची शेडनेट आधी आणून ठेवा.

सगळ्यात आधी वहीत एक आकडा लिहा: तळ्यात पाणी किती मावतं. लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये गुणा आणि 1000 ने गुणा. 3 बाय 2 मीटरचं, पाऊण मीटर खोल तळं म्हणजे 4500 लिटर. यापेक्षा उथळ करू नका, पाणी लवकर तापतं. तळ्यात अंथरायला शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद इथे सहज मिळतो आणि चालतोही. लांबीत आणि रुंदीतही दुप्पट खोली अधिक 60 सेंटिमीटर मिळवा, म्हणजे 5.1 बाय 4.1 मीटरचा तुकडा लागेल. खाली चाळलेल्या वाळूचा 5 सेंटिमीटर थर हवाच, मुरमाचे टोकदार खडे कागद फाडतात. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा 10 सेंटिमीटर उंच घ्या. आषाढातल्या पावसात वाफ्यांतलं खत वाहून तळ्यात उतरलं की शेवाळाला आयतं जेवण मिळतं.

पंप असा घ्या की सगळं पाणी तासा-दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरेल. 4500 लिटरला ताशी 3000 लिटर ठीक, पण खोक्यावरचा मोठा आकडा पाणी वर न चढवतानाचा असतो. तुमच्या फिल्टरच्या पिंपाच्या उंचीवर पंप किती पाणी देतो ते पंपाच्या तक्त्यात बघूनच पैसे द्या. पंप चोवीस तास चालवायचा आहे. 40 वॅटचा असेल तर दिवसाला जेमतेम एक युनिट जळतं, त्यामुळे रात्री बंद करून वाचवण्यासारखं त्यात काही नाही. जोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

फिल्टरला 200 लिटरचं निळं प्लास्टिकचं पिंप पुरतं. पाणी तळाशी शिरावं, जाड स्पंजातून, मग लाव्हा दगड किंवा बायोबॉलमधून (जिवाणू बसायला प्लास्टिकचे जाळीदार गोळे) वर चढावं आणि वरून तळ्यात पडावं. बुडाशी गाळ सोडायला कॉक ठेवा. आत येणारा पाइप एक इंची असेल तर बाहेर जाणारा दोन इंची हवा, कारण तो फक्त उतारावर वाहतो. इथेच बरेच जण चुकतात: स्पंज तुंबतो, पिंप काठावरून वाहतं आणि सकाळी तळं रिकामं. म्हणून पंप तळाशी न ठेवता दोन विटांवर ठेवा, निदान माशांपुरतं पाणी उरेल.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते पंप चालू ठेवून दोन दिवस उडू द्या, किंवा हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे 1000 लिटरला 10 ग्रॅम विरघळवून टाका. सिमेंटचं तळं असेल तर दोन-तीनदा भरून रिकामं करा आणि पीएच 8.5 च्या खाली आल्यावरच पुढे जा.

आता शेवाळ. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडाकडे धरा. सगळं पाणी एकसारखं हिरवट दिसलं तर ते तरंगतं शेवाळ, त्यावर 11 वॅटचा यूव्ही (अतिनील) दिवा काम करतो. पाणी नितळ, पण दगडांवर केसांसारखे तंतू असतील तर यूव्ही बसवून उपयोग नाही. ते काठीला गुंडाळून हातानेच ओढायचं. यूव्हीच्या काचनळीवर बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर बसतो, तो व्हिनेगरने पुसा. दिवा वर्षाने बदला, तो पेटलेला दिसला तरी त्याची ताकद गेलेली असते.

नवं तळं पहिल्या महिन्यात हिरवं होणारच. घाबरून ते उपसून पुन्हा भरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण नव्या पाण्याबरोबर सगळं पहिल्या दिवसापासून सुरू होतं. द्राक्षबागेतलं मोरचूद तर चुकूनही टाकू नका. ते माशांना विषारी आहे, शिवाय एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात.

त्याऐवजी कमळ आणि कुमुदिनी कुंड्यांत लावा. माती काळी, चिकण, खत न घातलेली, वर तीन बोटं खडी. पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकला की पाण्यात ऊन कमी पोचतं. मासे चार-पाच गप्पींपासून सुरू करा, डासांच्या अळ्याही तेच खातात. अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषारी द्रव्यं) तपासायचा संच घरात असू द्या. दोन्ही शून्यावर येईपर्यंत, साधारण सहा आठवडे, मासे वाढवू नका. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच.

स्पंज तुंबला की तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत हलका पिळा. त्यावरचा तपकिरी बुळबुळीत थर म्हणजे मळ नव्हे, जिवाणूंची वसाहत आहे, नळाखाली धुतली की मरते. वीज पाच-सहा तास गेली असेल तर पंप सुरू करण्याआधी पिंपातलं कुबट पाणी कॉकने झाडांना सोडा. ओढलेलं शेवाळ आणि कुठून आलीच तर जलपर्णी खतखड्ड्यात टाका, नाल्यात नको. तो नाला पुढे गोदावरीला मिळतो आणि तिथे जलपर्णी आधीच पुष्कळ आहे.