आठवडे बाजाराचे मैदान आणि माझा पहिला विकास आराखडा

नगररचनेकडे वळू पाहणारी मुले बहुधा प्रवेशाबद्दल विचारतात. त्याचे उत्तर थोडक्यात संपते: बारावीनंतर बी.प्लॅन. करायचे असल्यास जेईई मेनचा नियोजनाचा पेपर, पदवीनंतर एम.प्लॅन. करायचे असल्यास गेट आणि शासकीय सेवेत जायचे असल्यास लोकसेवा आयोगाची सहायक नगररचनाकार पदाची परीक्षा. मात्र नकाशावर आपण जिथे हिरवा रंग भरतो, तिथे आज कोण बसलेले आहे, हा प्रश्न यांपैकी कोणत्याही परीक्षेने मला विचारला नव्हता.

माझी पहिली नोकरी एका सल्लागार संस्थेत होती आणि काम होते एका मध्यम आकाराच्या नगरपालिकेचा सुधारित विकास आराखडा, म्हणजे शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, तयार करण्याचे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप आराखड्यापूर्वी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करावा लागतो. उपग्रह प्रतिमेत ओढ्याकाठी दीडेक एकराचा रिकामा तुकडा दिसत होता. मी प्रत्यक्ष पाहणीला गेले तो मंगळवार होता. मैदानात दोन शेळ्या चरत होत्या आणि चार पोरे क्रिकेट खेळत होती. ‘मोकळी जमीन’ अशी नोंद मी केली आणि प्रारूप आराखड्यात तिथे उद्यानाचे आरक्षण पडले, म्हणजे ती जागा बागेसाठी राखून ठेवली गेली. शहरात बागेची वानवा होती, त्यामुळे त्या हिरव्या चौकोनाचा मला अभिमानच वाटत होता.

नकाशा नगरपालिकेच्या सभागृहात लावताना तिथले शिपाई काका त्या चौकोनाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “मॅडम, मग शुक्रवारी भाजी कुठून आणायची?”

त्या शुक्रवारी मी मैदानावर गेले आणि दीडशेच्या आसपास विक्रेते मोजले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक बायका होत्या, आणि त्याही आसपासच्या खेड्यांतून पहाटेच्या एसटीने आलेल्या. त्या या शहराच्या मतदारच नव्हत्या, म्हणून त्यांच्या वतीने बोलणारा नगरसेवकही नव्हता.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत असते. आमच्याकडे आलेल्या हरकतींत नव्या गृहसंकुलांची एकाच मजकुराची, फक्त सही बदललेली, जॉगिंग ट्रॅक मागणारी पत्रे ढीगभर होती. बाजारातून एकही कागद आलेला नव्हता. याचे एक कारण आमच्याच छापील नमुन्यात होते. त्यात पहिला रकाना सर्व्हे क्रमांकाचा आणि दुसरा मालकी हक्काच्या पुराव्याचा होता. हरकत घेण्यासाठी जमिनीचे मालक असण्याची अट कायद्यात नाही, पण तो नमुना पाहून कोणाचाही समज तसाच झाला असता. आम्ही दोघी सहकाऱ्यांनी पुढच्या शुक्रवारी साध्या कागदावर अर्ज लिहून घेतले आणि सर्व्हे क्रमांक स्वतः भरला. आपल्याच नकाशावर आपणच हरकती गोळा करतो आहोत, असे म्हणून आमचे वरिष्ठ रागावले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते; आराखडा करणाऱ्याने किती पुढे व्हावे, याबद्दल मी आजही पूर्ण निश्चिंत नाही.

नियोजन समितीपुढच्या सुनावणीत प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळतात. मेथीची जुडी पिशवीतच ठेवून आलेल्या एक आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बाग नको कोण म्हणतंय? सावली आम्हालाबी पाहिजे. पण फाटकाला कुलूप लावणार ना तुम्ही?” माझ्या प्रबंधातल्या हरित न्यायावरच्या, म्हणजे हिरवाईचा लाभ आणि भार कोणाच्या वाट्याला येतो यावरच्या, प्रकरणात हा कुलपाचा मुद्दा कुठेही नव्हता.

हिरवाईचा भार नेहमी गरिबांवरच पडतो असे समजून कामाला लागू नका. प्रत्येक ठिकाणचा हिशेब वेगळा असतो. पुण्यात 1997 मध्ये हद्दीत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. सुमारे 978 हेक्टरच्या या आरक्षणाला राज्य शासनाने 2015 मध्ये मान्यता दिली आणि मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरवला. टेकडी वाचलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु सकाळी फिरायला जाणाऱ्याला ती फुकट मिळते आणि एक-दोन गुंठे घेऊन बसलेल्या माणसाच्या हाती तेवढाच टीडीआर पडतो, हेही त्याच नकाशात वाचता आले पाहिजे. मुंबईचा फेब्रुवारी 2015 मधला प्रारूप आराखडा चुकांवर झालेल्या ओरडीमुळे एप्रिलमध्येच मागे घ्यावा लागला आणि नवा आराखडा सप्टेंबर 2018 मध्ये अमलात आला. लोकांना आधी विचारत बसल्याने उशीर होतो, असे तुम्हाला कोणी ऐकवले तर या तारखा सांगा.

पाहणीला जाताना बाजाराचा वार, जत्रेची तिथी आणि पावसाळ्यात पाणी कुठवर चढते, हे आधी विचारून घ्या. एकाच जागी किमान दोनदा जा, त्यांतले एकदा संध्याकाळी. हरकतींचा गोषवारा करताना समान मजकुराची शंभर पत्रे एका ओळीत बसवता येतात, पण तोंडी सांगितलेली एक अडचण तिथे पूर्ण लिहा, कारण समितीपुढे बहुतेक वेळा तो गोषवाराच जातो.

आमच्या मैदानाचे आरक्षण शेवटी ‘उद्यान व आठवडे बाजार’ असे झाले. झाडे कडेने, मुख्यतः पश्चिमेला लावली आणि मधली जागा मोकळी ठेवली. कुंपण मात्र झालेच. शुक्रवारी पहाटे कुलूप उघडले का, हे विचारायला मी अजून अधूनमधून शिपाई काकांना फोन करते.