पानातील हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्यांनी कसे पाहावे

वनस्पतींमध्ये फिरत्या रोगप्रतिकारक पेशी नसतात. प्रत्येक पेशीलाच शत्रू ओळखावा लागतो. जिवाणूच्या फ्लॅजेलिन प्रथिनातील 22 अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे एफएलजी-22, पेशीपटलावरील एफएलएस-2 हा ग्राही ओळखतो आणि काही मिनिटांतच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊ लागते.

यासाठी टोमॅटोची निरोगी रोपे घ्यावीत. मुंबईच्या पावसाळ्यात ती व्हरांड्यात न ठेवता आत दिव्याखाली वाढवावीत, कारण दमट हवेत बुरशी लागलेले पान आधीच सावध झालेले असते. पानाच्या छोट्या चकत्या कापून रात्रभर डिस्टिल्ड पाण्यावर तरंगत ठेवाव्यात. ही पायरी मी कधीही गाळू देत नाही: कापण्याची जखमही पेरॉक्साइड निर्माण करते आणि मग कडा तपकिरी झाल्या तर दोष कोणाचा, हे कळत नाही.

सकाळी सर्व चकत्या डीएबीच्या, म्हणजे पेरॉक्साइड असेल तेथे तपकिरी होणाऱ्या डायअमिनोबेंझिडीन या रसायनाच्या द्रावणात (मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम, सामू 3.8) घालाव्यात, निम्म्यांत 1 मायक्रोमोलर एफएलजी-22 मिसळावे आणि काही तास अंधारात ठेवावे. डीएबी कर्करोगकारक असल्याचा संशय असल्याने हातमोजे अनिवार्य आहेत. नंतर 95 टक्के इथेनॉलमध्ये गरम पाण्याच्या बाथवर, ज्योतीवर मुळीच नाही, हरितद्रव्य काढावे. फिकट पानावर चहाच्या डागासारखा तपकिरी रंग उरतो.

काही चकत्यांत पेरॉक्साइड नष्ट करणारे ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) घालावे. तेथे रंग फिका पडला, तरच डाग पेरॉक्साइडचा मानावा. क्षारताण, म्हणजे जास्त मिठाचा रोपावरील ताण, पाहायचा असल्यास रोपांना आधी 150 मिलिमोलर मीठ, म्हणजे लिटरला सुमारे 8.8 ग्रॅम, देऊन हीच तुलना करावी.